बिअर न पिणारा वेल्डर

बिअरवेड्या विस्कॉन्सिनमध्ये राहून बिअर न पिणारा माणूस डेल्बर्टनं आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच हाती टाकी सोपवायची वेळ आली.

टाकी म्हणजे गॅरेजातली, घरची बिअर मुरवायची स्टीलची टाकी. तिला तोटी जोडून दिली होती गाड्यांचे सायलेन्सर जोडणाऱ्या गसनं. तेव्हापासून बिअर नासू लागली. मागच्या खेपेची तर घरच्या मांजरानं नुसती हुंगली आणि ते जिल्हा सोडून गेलं. शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या वाटेवर दिसलं म्हणतात. त्यात पोरीचं लग्न तोंडावर. "बिअर डॅडीचीच!" असं तिनं पाहुण्यांना सांगूनही टाकलेलं.

"गसनं मुद्दाम केलं," डेल्बर्ट म्हणाला. "तोही घरी बिअर करतो ना!"

"तुझ्या मते पोस्टमनही मुद्दामच उशिरा येतो," बायको लव्हॉन म्हणाली. "मायरनकडे जा. डेअऱ्यांच्या दुधाच्या टाक्या तोच जोडतो."

"अगं, तो बिअर पीत नाही!"

"मग तुझी चोरणार तरी नाही."

आपल्या वर्कशॉपात मायरननं दुधाचा ग्लास खाली ठेवला आणि टाकीत हात घालून जोडावरून बोट फिरवलं. "आतून करपलाय. खरखरीत. इथे जंतूंनी संसार थाटलाय." जुना जोड घासून त्यानं टाकीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि एक नळी आत सोडली.

"तोंड कशाला बांधतोस?"

"हवा हटवायला आत वायू भरतोय. हवा शिरली की जोड करपतो. पट्टीला हात लावू नकोस."

हात लावू नकोस म्हटलं की डेल्बर्टच्या हाताला खाज सुटे. दूध पिणारा हा माणूस आत काय सोडतोय कुणाला ठाऊक! मायरननं मुखवटा चढवला, ठिणग्या उडू लागल्या, तसा हा मागून गेला आणि पट्टीचा कोपरा उचलून आत डोकावला. आत नुसता अंधार.

काम झाल्यावर मायरननं आत बोट फिरवलं. पुन्हा खरखरीत.

"पट्टी कुणी उचलली?"

"वाऱ्यानं असेल."

"दार बंद आहे."

"मग गसनं."

 मायरननं जोड पुन्हा घासला, नवी पट्टी लावली, डेल्बर्टच्या डोक्यावरही मुखवटा चढवला आणि त्याचाच तळवा पट्टीवर दाबून धरला. "आता तूच राखण कर." डेल्बर्टचं नाक खाजलं, कान खाजला, पण पोरीचं लग्न आठवून तळवा काही त्यानं हलवला नाही.

लग्नात डेल्बर्ट बिअरच्या पिंपाशेजारी उभा राहून ज्याचा त्याचा चेहरा न्याहाळत होता. मायरन आला, रिकामा ग्लास पुढे करत म्हणाला, "भर."

"तू तर पीत नाहीस!"

"गावातल्या बहुतेकांच्या बिअरच्या टाक्या मी आतून पाहिल्यात, डेल. म्हणून पीत नाही." त्यानं एका दमात ग्लास संपवला आणि पुन्हा पुढे केला.

त्याच संध्याकाळी मांजर परत आलं, पिंपाखालची गळती चाटत बसलं. लव्हॉन आनंदानं ओरडली. डेल्बर्ट मात्र पाहुण्यांतल्या गसकडे रोखून बघत म्हणाला, "इतके दिवस हे होतं कुणाकडे, ते आधी कळू दे."