हलवलेला थांबा

बस डेपोत त्याला सगळे तट्टू म्हणत. अडेलतट्टूमधलं अडेल कधी गळून पडलं कुणास ठाऊक, स्वभावातलं मात्र तसूभर कमी झालं नव्हतं. एकदा नाही म्हणाला की मॅनेजरचा बाप आला तरी नाहीच. बायको म्हणायची, यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा, भिंत निदान उलट बोलत नाही.

त्यामुळे अशा ड्रायव्हरला चार्जशीट मिळाली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. बाजाराजवळचा थांबा उखडून कोपऱ्यापलीकडे नेला, तेव्हा तट्टूने भर मीटिंगमध्ये साहेबांवर आवाज चढवला होता. त्यानंतरही तो पुन्हा पुन्हा जुन्याच जागी बस उभी करायचा आणि नुसत्या कुंपणासमोर दार उघडायचा. शेवटच्या खेपेला मागून एक मोटार येऊन आदळली. कुणाला लागलं नाही, पण साहेबांनी चार्जशीटमध्ये इंग्रजी शब्द ठोकून दिला: विलफुल.

युनियनच्या अण्णांनी कँटीनमध्ये त्याला तो शब्द समजावला. विलफुल म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून केलेलं. हट्टी पोरालाही विलफुल म्हणतात, पण चार्जशीटमध्ये मुद्दाम असंच धरायचं. तुला दोन्ही चपखल बसतात, असं म्हणून अण्णा पोट धरून हसले. मग आवाज उतरवून त्यांनी सल्ला दिला, की चुकून झालं म्हण. फार तर डॉक्टरकडे तपासणीला पाठवतील, डोकं ठिकाणावर आहे ना बघतील. घोड्यासारखा धडधाकट माणूस तू, तुला कसली धास्ती?

तट्टूने चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टरचं नाव निघाल्यावर तो त्याने पुन्हा उचलला नाही.

कारण त्याने काहीच मुद्दाम केलं नव्हतं. थांबा हलवलाय हे त्या त्या वेळी त्याच्या डोक्यातून पार पुसलं गेलेलं असे. दार उघडलं, समोर कुंपण दिसलं, की मग सगळं आठवायचं आणि अंगाला दरदरून घाम फुटायचा. मध्यंतरी तर स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी तो भाजीची पिशवी घेऊन उभा राहिला होता, यातलं आपलं दार कुठलं याचा अंदाज घेत. घरी उशीर का झाला विचारलं, तर उगाच बायकोवरच खेकसला.

चुकून म्हणावं तर डॉक्टर, आणि डॉक्टरपुढे हे लपायचं नाही. मुद्दाम म्हणावं तर शिक्षा. पण शिक्षा कधीतरी संपते.

चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा तो ताठ उभा होता. "मुद्दाम केलं," तो म्हणाला. अण्णांनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र आपलंच खरं निघाल्यासारखे खूश दिसले. अण्णांनी रदबदली केली म्हणून नोकरी वाचली आणि निलंबनावर भागलं. आयुष्यभर ज्या शिव्या खाल्ल्या त्यांच्याच आडोशाला तो सुटला होता, आणि त्याची त्याला मनातून लाज वाटत होती.

निलंबनाच्या काळात तो रोज सकाळी घराबाहेर पडायचा आणि बसचा सगळा मार्ग पायी चालायचा, एकेक थांबा पुटपुटत, एकेक वळण घोकत. बायकोला वाटे, स्वारी फुरंगटून भटकतेय. हट्टाची हौस अजून फिटली नाही वाटतं, असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. तो तिला म्हणू द्यायचा.

पुन्हा कामावर रुजू झाला त्या दिवशी बस खच्चून भरली होती. कंडक्टर पोरगी त्याच्याच तालमीत तयार झालेली. तिने डबल बेल दिली. तट्टूने बस झोकात बाहेर काढली, पहिले थांबे बिनचूक घेतले. नवा थांबाही घेतला, तेव्हा मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला इतकं हलकं वाटलं की तो शीळ घालू लागला.

पुढच्या चौकात सिग्नल हिरवा झाला. समोर तीन रस्ते होते आणि तिन्ही त्याने जन्मात पाहिले नव्हते.

त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. "तट्टू अडलं रे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि अख्खी बस हसली.

पोरगी गर्दीतून वाट काढत पुढे आली. "काका, आता कशावर अडून बसलात?"

"रस्ता आठवत नाहीये, पोरी."

"पुरे झाली नाटकं. साहेब टपूनच बसलेत."

त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं घट्ट मिटली.

"मुद्दाम नाही गं करत. त्या थांब्यावरही मुद्दाम नव्हतं केलं. तेव्हा खोटं बोललो मी."

पोरगी हसत सुटली. असा ठासून थापा मारणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तिने किल्ली परत त्याच्यापुढे धरली.

"घ्या काका," ती म्हणाली. "चालवा."