अर्धा पूल आणि एक सही

बोगुमिलाबाई त्या सोमवारी न्यायालयाच्या पायऱ्या दोन-दोन करत चढल्या. पन्नाशी उलटलेल्या न्यायाधीशबाईंना हे शोभत नव्हतं, पण पाय ऐकतील तर ना! सरकारने मर्जीतले न्यायाधीश नेमले ते कायद्याला धरून आहेत का, एवढंच त्यांनी एका निकालात विचारलं होतं. तेवढ्यावरून दोन वर्षं घरी बसवलं. मग युरोपीय संघाने पोलंडचा पैसाच अडवून धरला : आधी अशा न्यायाधीशांना खुर्ची परत द्या. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. आज सकाळी रेडिओवर बातमी आली, सरकार नमलं!

पण न्यायालयाचे प्रमुख चेशेल्स्की दारातच कागद घेऊन उभे.

"या बाई. 'असला प्रश्न पुन्हा विचारणार नाही,' एवढ्यावर सही करा आणि आत्ता बसा."

"नाही केली तर?"

"मग वॉर्साहून हुकूम टपालाने येईल. आपलं टपाल तुम्हाला ठाऊकच आहे."

तेवढ्यात महापौर राजमुंड हातातलं पत्र फडकवत, धापा टाकत आले. "बाई, हात जोडतो, करून टाका सही! युरोपच्या पैशावाचून माझा पूल नदीत अर्धा उभा आहे. करकोच्यांनी घरटं बांधलं त्यावर!"

"राजमुंड, ते पत्र युरोपीय संघाचं, पैशांबद्दलचंच ना? वाचलंत का?"

"आकडा वाचला की!"

"त्याखालचं वाचा. मोठ्याने."

महापौरांनी चष्मा चढवला. "'न्यायाधीशांकडून कसलीही हमी न घेता त्यांना कामावर घेतलं, तरच...'" त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग ते गर्रकन वळले. "अहो चेशेल्स्की! माझा पूल बुडवायला निघालात?" आणि त्यांनी तो कागद प्रमुखांच्या हातातून ओढून टराटरा फाडला.

 चेशेल्स्की दारातून बाजूला झाले.

बाईंनी झगा चढवला, न्यायाधीशपदाची खूण असलेली गरुडाची साखळी गळ्यात घातली. म्हातारा शिपाई विन्सेन्ती दालनाचं दार उघडून ओरडला, "उठा, न्यायालय येत आहे!" न्यायाधीश आत येताना द्यायची ती नेहमीची हाक.

आत बाकं खडखडली, माणसं उभी राहिली. बाईही उंबऱ्यात अदबीने थांबल्या, कोण येतंय ते बघत. काम काढून घेतल्यापासून दोन वर्षं त्या नुसत्या बघायला येऊन ही हाक लोकांमधल्या मागच्या बाकावरून ऐकत होत्या, उठून उभ्या राहत होत्या.

"अहो बाई," विन्सेन्ती कुजबुजला, "वाट कुणाची बघताय? चला आत, लोकांचे पाय दुखतील!"