चंदनबाईंची एस्टीम

“अक्का, चाबी फिरवा!” बॉनेटखालून मृणाली ओरडली.

स्टार्टर घरघरला. इंजिन नुसतंच फिरत राहिलं, सुरू काही झालं नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवाही लागला नाही.

“राहू दे बेटा,” स्टिअरिंगमागून चंदनबाई म्हणाल्या. “भंगारवाला सोमवारी क्रेन पाठवतो म्हणतो.”

“क्रेन नको म्हणूनच मला बोलावलंत ना?”

तसंच होतं. नवरा, लालचंदशेठ, गेल्यापासून ही एस्टीम गाडी धुळ्यातल्या घरासमोर उभी होती आणि उंदरांनी इंजिनाच्या वायरी कुरतडून टाकल्या होत्या. गाडीच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, ती मोडीत निघणार हे ठरलेलंच. चंदनबाईंचं म्हणणं एवढंच, की तिला टोचन लावून फरफटत नेऊ नये. याच गाडीवर शेठजींनी त्यांना पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकवलं होतं. नातेवाइकांत हसं झालं, तरी दोंडाईच्याला माहेरी त्या स्वतः गाडी चालवत गेल्या होत्या.

मृणाली गाड्यांची इलेक्ट्रिशियन. पण तिच्या दुकानात यायचे ते हॉर्न आणि हेडलाइट. अख्ख्या इंजिनाचं वायरिंग पहिल्यांदाच हाती आलं होतं. नवी बॅटरी बसवून, रंगाला रंग जुळवून तिने सगळं जोडलं होतं, तरी इंजिन सुरू होईना. मोबाइलवर वायरिंगचे नकाशे धुंडाळले. एक निघाला परदेशी गाडीचा, एक जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा, आणि जो बरा वाटला त्यातली अक्षरं मोठी केली की धूसर व्हायची. शेवटी स्पेअर पार्टवाले बन्सीलाल म्हणाले, “जळगावला जीवराम नाना आहेत, सर्व्हिस सेंटरमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे नक्की असेल.”

दुसऱ्या दिवशी तिने जळगावची एसटी पकडली. नानांनी पलंगाखालच्या पेटीतून घड्या घातलेला भलामोठा कागद काढला आणि फरशीवर पसरला.

“हाच! हाच इंजिनाचा नंबर!” मृणाली पटकन खाली बसली. पण पाहते तर रेघांचं नुसतं जंजाळ. तिचा चेहरा उतरला. “नाना, सुरुवात कुठून करू?”

“रंग नको देखू, पोरी. बॅटरीपाईन निंघ. करंट कथा जास नि मांगे कसा येस, ते देख. बठ्ठा मांगे येवाले पाहिजे.”

“म्हणजे गेलेला सगळा करंट परत यायला हवा,” म्हणत तिने बॅटरीवर बोट ठेवलं. फ्यूज, रिले, मग इंजिनाचा कॉम्प्युटर. तिथून परतीची रेघ धरून बोट सरकलं आणि तीन आडव्या रेघांच्या खुणेपाशी थांबलं.

“हे अर्थिंग ना?”

“हा. ती वायर इंजिनवर बोल्टखाले कसेल ऱ्हास.”

मृणाली एकदम ताठ झाली. “काळी-हिरवी! नाना, तिचं पुढचं टोक उंदरांनी खाल्लंय. उरलेलं फालतू समजून मीच टेपमध्ये गुंडाळलं! कॉम्प्युटरला परतीची वाटच नाही, म्हणून तर पिवळा दिवा लागत नव्हता!”

“मंग आठे काय बठेल शे?” नाना हसले. “जाय!”

कागदाचे फोटो घेऊन ती निघाली. एसटीत ती मोबाइलवर बोट फिरवत राहिली. आता प्रत्येक रेघ कुठेतरी पोचत होती. कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिने तिकीट काढलं.

स्टँडवरून ती थेट चंदनबाईंकडे गेली. काळ्या-हिरव्या वायरला नवं टोक जोडलं, बोल्ट घासून चकचकीत केला, वायर आवळली.

“अक्का, चाबी नुसती ऑन करा.”

“लागला! पिवळा दिवा लागला!” चंदनबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

“मारा स्टार्टर!”

इंजिन खोकलं, निळा धूर सोडला आणि चालू झालं. चंदनबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला तशी शेजारचे लोक गॅलरीत आले. मृणाली हाताला ग्रीस लागलेलं विसरून टाळ्या वाजवत होती.

सोमवारी क्रेन आली नाही. चंदनबाई स्वतः गाडी घेऊन गेल्या, मृणाली शेजारी. भंगाराच्या आवारात माणसाने हात करून जागा दाखवली. त्यांनी तिथे गाडी लावली, थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं आणि मग चाबी फिरवली.

“तुझ्या नव्या वायरी काढून घे बेटा. कुठेतरी कामाला येतील.”

मृणालीने बॉनेट उचललं. इंजिनाची धग चेहऱ्यावर आली. सरळ, नीट बांधलेल्या वायरींकडे तिने एकदा पाहिलं.

“राहू द्या, अक्का,” ती म्हणाली आणि आवाज होणार नाही अशा बेताने बॉनेट लावलं.