अस्वल्याचे केस

गल्लीतल्या निम्म्या डोक्यांची जबाबदारी बाबावर होती. तळमजल्यावर त्याचं केस कापायचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर आणि मधे एक लाकडी जिना, जो पाय पडला की आजारी माणसासारखा कण्हायचा. दुकानात दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून लोकांनी लग्नं जमवली होती, मोडली होती आणि कुणाच्या घराला कुठला रंग शोभत नाही तेही ठरवलं होतं. बाबाचा हात इतका हलका, की गळा काढत आलेली पोरंसुद्धा त्याच्या खुर्चीत पेंगायला लागायची.

आणि त्याच्या स्वतःच्या पोराच्या डोक्यावर नुसतं रान माजलं होतं.

पोरगं साडेतीन वर्षांचं. केस मागून मानेखाली, पुढून थेट नाकापर्यंत. जेवताना घासाबरोबर एखादी बट तोंडात जायची आणि तो ती शांतपणे चघळत बसायचा. रोज दाढी करायला येणारे निवृत्त ड्रायव्हरकाका (दाढी हे निमित्त, खरं काम गप्पा) एकदा म्हणाले, "मालक, घरात अस्वल पाळायला परवाना लागतो हो." तेव्हापासून तो अस्वल्या झाला. त्यालाही ते आवडलं असावं, कारण नाव विचारलं की तो तेच सांगायचा.

गंमत म्हणजे आधी असं नव्हतं. पूर्वी हाच पोरगा बाबाच्या मांडीवर बसून शहाण्यासारखे केस कापून घ्यायचा. मग अचानक काय बिनसलं कुणास ठाऊक. कात्री दिसली की हा पसार. बाबाने चॉकलेट दाखवलं, तर त्याने ते घेतलं, खाल्लं आणि मग पळाला. गोष्ट सांगून बघितली, तर गोष्टीत कात्री येताच त्याने कान झाकून घेतले. शेवटी बाबा कात्री पाठीमागे लपवून गेला, तर पोरगं कॉटखाली जे शिरलं ते जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आलं नाही.

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय," ड्रायव्हरकाका तोंडाला फेस लावलेला असतानाच म्हणाले. "सगळ्या गल्लीची हजामत करता आणि घरात तुमचीच बिनपाण्याने होतेय."

सगळं दुकान हसलं. बाबाही हसला, पण ते त्याला आत कुठेतरी लागलं. अनोळखी माणसं डोळे मिटून त्याच्या हातात डोकं द्यायची आणि ज्याला त्याने पहिल्या दिवशी तळहातावर झेललं होतं, तोच त्या हाताला बघून पळत होता.

आईला मात्र असल्या विचारांना वेळ नव्हता. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी आली, की तिला मुद्द्याचं बोलायला आवडायचं.

"त्याचे डोळे बघितलेत? लाल झालेत. डॉक्टर म्हणाले, केस टोचतात. आज परत चौकटीवर आपटला."

"बघतो मी."

"तुम्ही बघताच आहात. तो झोपला की मी कापते. तुम्ही फक्त कात्री द्या."

"झोपेत नको."

"का? धंद्याला कमीपणा येईल?"

"धंद्याचं नाही गं. उठल्यावर त्याला कळलं, की आपण झोपलो की ही माणसं आपल्याला कापतात, तर परत कधी माझ्या शेजारी डोळे मिटेल का तो?"

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या तुमची सुट्टी आहे. उद्याचा दिवस देते. नाहीतर रात्री मी आहे आणि माझी शिवणाची कात्री आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद, शाळेलाही सुट्टी, आईची मात्र ड्यूटी. बाबा ओला कागद घेऊन आरसा पुसत होता आणि मनात नव्यानव्या युक्त्या जुळवत होता. एकही चालेल असं त्याला वाटत नव्हतं. मागे जिन्यापाशी ताईने आपलं दुकान थाटलं होतं.

ताई म्हणजे सहा वर्षांची थोरली. धाकटा जन्मला तेव्हा तिला ताईपदावर बढती मिळाली आणि मग आईबाबासुद्धा तिला ताईच म्हणायला लागले. तिनेही ते पद फार मनावर घेतलं होतं. आत्ता पायरीवर गिऱ्हाइकं ओळीने बसली होती. एका डोळ्याची बाहुली, लाकडी घोडा आणि प्लॅस्टिकचं बदक. ताईने बाहुलीच्या गळ्याला रुमाल बांधला, बोटांची कात्री केली.

"कसे कापू? बारीक की मध्यम?" तिने थेट बाबाच्या आवाजात विचारलं. कचकच, कचकच. "झालं. बघा मागून." मागे चमचा धरून दाखवला, मान झटकली, रुमाल काढला आणि बाहुलीला उचलून दाराबाहेर पायरीवर ठेवून दिलं. "या परत."

घोडाही तसाच कापून बाहेर गेला. बदकाला मुळात केस नव्हते, पण त्याने काही तक्रार केली नाही. तेही गेलं. मग अस्वल्याच्या कापडी हत्तीचा नंबर आला, तर अस्वल्या हत्तीवर चक्क बसूनच राहिला.

"याचे नाही."

"अरे, नंबर आलाय त्याचा."

"नाही. हा इथेच लाहणाल."

"थोडेसेच कापते."

"मग हा जाईल."

"जाणारच ना," ताई म्हणाली, जणू पाऊस पडला की रस्ता ओला होतो असं सांगावं, तसं. "केस कापले की माणसं जातात."

आरशावरचा बाबाचा हात तिथेच थांबला.

त्याने आरशातूनच मागे बघितलं. रानामागून दोन लाल डोळे हत्तीवर पहारा देत होते. बाबा कागद टाकून जिन्यापाशी आला आणि खाली जमिनीवर बसला.

"केस कापून कोण कोण गेलं रे?"

अस्वल्याने एक बोट काढलं. "मामा."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वर्षभर त्यांच्याकडे राहिला होता, रात्री अस्वल्याला कुशीत घेऊन झोपायचा. मग त्याला दूरच्या गावी नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी बाबानेच त्याचे झकास केस कापून दिले, अस्वल्या बाकड्यावर बसून बघत होता. सकाळी उठला तर मामा नाही, मामाची बॅगही नाही. रडेल बिचारा म्हणून त्याला झोपेतच ठेवून मामा निघाला होता.

दुसरं बोट निघालं. "आई."

आईने नोकरीवर रुजू व्हायच्या आधी केस खांद्यापर्यंत केले होते. याच खुर्चीत.

"आणि ताई," अस्वल्या म्हणाला आणि बोटं मिटून टाकली. ताईच्या दोन वेण्या शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कापल्या होत्या. सकाळी कोण वेण्या घालत बसणार म्हणून.

बाबा दुकानाकडे नव्या माणसासारखा बघत राहिला. खरंच की. दिवसभर माणसं येतात, बसतात, केस कापून घेतात, मान झटकतात आणि दाराबाहेर जातात. आजवर एकही मागे राहिलेला नव्हता. पोराला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने त्याचं गणित स्वतःच मांडलं होतं, आणि समोर जे दिसत होतं त्यावरून उत्तर बरोबर होतं.

"असं नसतं रे राजा. ताई रोज येते की परत. आई येते."

"मामा नाही आला."

अस्वल्या पुढे म्हणाला, "तू पण जातोश."

तेही खरंच. स्वतःच्या डोक्यावर स्वतःचा हात चालत नाही, म्हणून बाबा केस कापायला दोन गल्ल्या पलीकडे मित्राच्या दुकानात जायचा आणि गप्पा मारून पार संध्याकाळी उगवायचा.

बाबा जरा वेळ डोकं खाजवत बसला. खाजवता खाजवताच त्याला सुचलं. तो उठला, खुर्चीत जाऊन बसला, गळ्याला कापड बांधलं.

"ताई, माझे केस कापतेस?"

ताईने आयुष्यभर, म्हणजे सहा वर्षं, एकच वाक्य ऐकलं होतं: कात्रीला हात लावायचा नाही. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाबाने तिला मिशा कातरायची बोथट टोकाची छोटी कात्री दिली आणि उभं राहायला स्टूल दिलं.

"कसे कापू साहेब? बारीक की मध्यम?"

"मध्यम. आणि कान दोन आहेत, दोनच राहू दे."

"मला बारीकच येतात," ताई म्हणाली आणि सुरू झाली.

उजवीकडे जिना तयार झाला. डावीकडे तोही झाला नाही. मागे एके ठिकाणी चांगली गोल जागा निघाली, उंदराने वही कुरतडावी तशी. ताईने छोटा आरसा मागे धरला. "बघा मागून." बाबाने बघितलं आणि म्हणाला, "छान."

अस्वल्या पायरीवर हत्तीला आवळून बसला होता. बाबाने कापड झटकलं आणि उठला, तशी त्याची मूठ हत्तीच्या सोंडेभोवती घट्ट झाली. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला झाडू. बाबाने झाडू घेतला, सगळे केस गोळा केले, सुपलीत भरले आणि येऊन बाकड्यावर बसला.

"आता?" अस्वल्याने विचारलं.

"आता काही नाही. आहे मी इथे."

अस्वल्याचा विश्वास बसला असं मुळीच नाही. दुपारभर तो सावलीसारखा मागे होता. बाबा न्हाणीघरात गेला, तर हा दाराबाहेर हत्तीसकट उभा. बाबा जरा आडवा झाला, तर हा त्याच्या पोटावर. मधेच ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकं घातलं आणि बघतच राहिले.

"मालक, कुणाशी मारामारी झाली?"

"घरचं काम आहे."

"चला, कोपऱ्यावर चहा घेऊ."

"आज जमायचं नाही काका. केस कापलेत ना माझे."

"ते दिसतंय," काका म्हणाले. "लपून बसायला हवंच."

संध्याकाळी आई आली. दारातच थांबली. नवऱ्याच्या डोक्याकडे तिने एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून.

"हे कुणी केलं?"

"मी," ताई म्हणाली. "मध्यम सांगितले होते."

बाबाने आईला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आई आधी हसत होती. मामाचं आलं तशी ती स्टुलावर बसली.

"मीच म्हटलं होतं त्याला, झोपलाय तोवर निघ," ती म्हणाली. तिने ओढणीशी उगाच चाळा केला. "आणि आज परत मीच झोपेत कात्री घेऊन बसणार होते."

तिने शिवणाची कात्री डब्यात ठेवली आणि डबा वरच्या फळीवर सरकवला. मग डोळे पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाव संपलाय. कोण जातंय?"

बाबाने नुसतं पोराकडे बघितलं.

"बरं, मीच जाते," आई म्हणाली. "माझे केस वाढलेत आता."

सकाळी बाबाला जाग आली ती डोक्यामागच्या त्या गोल जागेवर गार बोट फिरत होतं म्हणून.

"आहेश?"

"आहे."

बोट आणखी थोडं फिरलं. मग जिना कण्हला. बाबा खाली गेला, तर अस्वल्या रात्रीच्या कपड्यांतच खुर्चीवर चढून बसला होता. चेहरा असा, जणू इंजेक्शन घ्यायला आलाय. एका हातात हत्ती. दुसऱ्या हाताने त्याने बाबाच्या शर्टाचा खिसा पकडला आणि सोडलाच नाही. बाबाने आयुष्यात इतकं वाकून, इतकं अवघडून कुणाचे केस कापले नव्हते.

पहिली बट खाली पडली. अस्वल्याने दाराकडे बघितलं, मग बाबाकडे.

"मामा कधी?"

उद्या येईल, असं म्हणणं अगदी सोपं होतं. ते बाबाच्या जिभेवर आलंही होतं.

"लवकर नाही येणार. त्याला लांब नोकरी लागलीय. पण तो केस कापले म्हणून नाही गेला. आणि जाताना आम्ही तुला उठवायला हवं होतं. चुकलं आमचं."

अस्वल्याने विचार केला. "मी लडलो अशतो."

"रडला असतास. मग मी घेतलं असतं तुला."

खिशावरची मूठ सुटली नाही, पण जरा सैल झाली. कात्री कचकचत राहिली. ड्रायव्हरकाका दाढीसाठी आले, बघितलं आणि न बोलता बाकड्यावर बसले, हेसुद्धा त्या दुकानात पहिल्यांदाच घडत होतं. रान हळूहळू मोकळं झालं. आधी कपाळ निघालं, मग भुवया, मग डोळे. अजून लालसर होते, पण केवढे मोठे. बाबा विसरूनच गेला होता.

"झालं," तो म्हणाला आणि गळ्याचं कापड काढलं.

अस्वल्या हलला नाही. आरशात त्याने आधी स्वतःला बघितलं, मग बाबाला, मग मागे बाकड्यावरच्या काकांना. बाबाने त्याला उठवलं नाही. काका आपण होऊन दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. "माझी इथे करा. त्या साहेबांना बसू दे."

ताई दप्तर घेऊन खाली आली, आई तिच्या मागे. दोघींना उशीर झाला होता. तरी ताई खुर्चीपाशी थांबली.

"मी शाळेत जातेय. जेवायला येते."

आई वाकली, त्याच्या नव्या मोकळ्या कपाळावर तिने ओठ टेकले. "मी दवाखान्यात. दिवे लागले की येते. चालेल?"

अस्वल्याने हत्तीला मांडीवर नीट बसवलं.

"जा," तो म्हणाला आणि परत आरशात बघायला लागला.