दोन शब्दांचं भाषांतर

अमरावतीच्या त्या छोट्या कॉलेजात जर्मन शिकणारी मुलं जेमतेम एका बाकड्यावर मावतील एवढी. त्यातली रूपाली वलगावची. घरी वांगी-टमाट्याची शेती, वडील गोवर्धनजी पहाटेच माल घेऊन मंडईत हजर. पोरगी जर्मन शिकून काय करणार, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "मले काय माईत? पन ते रागावली की जर्मनच बोलते."

शिकवायला जीवन सर. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने टांगणीला. भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला रूपाली "मी वाचून राहिली" म्हणाली आणि वर्ग हसला. सरांनी हसणाऱ्यांनाच फळ्यापाशी बोलावलं. "हे क्रियापद उलगडून दाखवा. नियम सापडतो का बघा." नियम सापडला, चांगला ठसठशीत सापडला. तेव्हापासून रूपाली भाषेवर भाळली ती भाळलीच.

म्हणून अकोल्याला दुभाषी हवी आहे, असं प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा सरांनी तिचंच नाव पुढे केलं. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाच्या बाई नर्सिंग झालेल्या मुलींना भेटायला येणार होत्या. भरती करणारी एजन्सी अकोल्याची. ती पुढे कॉलेजशी करार करणार, भाषेचं केंद्र उघडणार, असं ठरत होतं. रूपाली मूर्तिजापूरमार्गे एस.टी.त उभ्यानं गेली, तरी वाटभर खुशीत होती.

हॉलच्या दारातच एजन्सीचे देवळे भेटले. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलदोडा. "मॅडम, एकच विनंती. इथं वऱ्हाडी नको. शुद्ध बोला. आणि थोडक्यात सांगा, सगळं सांगत बसू नका."

समोर पन्नासेक मुली. बहुतेक जीएनएमचा म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, काहींच्या आया सोबत आलेल्या. जर्मन बाईंचं नाव केलर. उंच, पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. गाव कसं आहे, थंडी किती, सुट्ट्या किती, हे रूपालीनं भराभर सांगितलं. मग केलरबाईंनी हातातला पेला खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या की तुमच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत तुम्ही फाखक्राफ्ट नाही, हिल्फ्सक्राफ्ट असाल. मान्यतेला दोन वर्षं लागू शकतात. परीक्षा नापास झालात तर ती मिळणारही नाही. हे मुलींना नीट कळायला हवं, असंही त्यांनी रूपालीकडे बघून सांगितलं.

रूपालीनं तोंड उघडायच्या आत देवळे कानाशी आले. "नर्स म्हणा. दोन्हीला मराठीत नर्सच म्हणतात."

"नाही म्हणत. एक शिकलेली नर्स, दुसरी मदतनीस."

"मुली घाबरतील. आम्ही त्यांना स्टाफ नर्स सांगितलंय. तुमचं काम भाषांतर करायचं, अक्कल चालवायची नाही."

रूपाली भडकली. भाषांतर कर म्हणतो, आणि शब्दच बदलायला सांगतो! समोरच्या मुली वह्या उघडून तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. तिनं शुद्ध मराठी बाजूला ठेवली.

"पोरींनो, आयका. ह्या बाई सांगून राहिल्या का तिथं गेल्या गेल्या तुमी स्टाफ नर्स नाई. दवाखान्यात आपल्या मावश्या राह्यतात ना, ते काम. पेशंटले धुवायचं, भरवायचं, उचलायचं. मान्यता भेटली तर मंग नर्स. नाई भेटली तर नाई. ह्या काई लपवून नाई राहिल्या. तुमाले लपवून कोनं सांगतलं, ते तुमी पाहा."

मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिचं नाव नीलम.

"माही माय सरकारी दवाखान्यात मावशीच हाये. त्या कामाची मले लाज नाई. पन देवळे सर, तुमी स्टाफ नर्स कावून सांगतलं?"

देवळे हसायला गेले, पण जमलं नाही. तेवढ्यात दहाजणी एकदम बोलायला लागल्या. केलरबाईंनी रूपालीला विचारलं, काय झालं? रूपालीनं तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाइल मिटली आणि या एजन्सीमार्फत आपण पुढे काही करणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी रूपालीला आणि जीवन सरांना समोर उभं केलं, बसा म्हटलं नाही.

"करार गेला. कॉलेजचं नाव खराब झालं. दुभाष्यानं फक्त भाषांतर करायचं असतं, एवढंही शिकवलं नाही का तुम्ही हिला?"

"मी तेच केलं, सर," रूपाली म्हणाली. "भाषांतर करू नको, असं देवळेंनी सांगितलं होतं."

"उलट बोलू नकोस. माफी लिहून दे."

"कशाची?"

प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुमच्या पोरी असत्या त्या हॉलमध्ये," तिचा आवाज चढला, "तर कोणता शब्द सांगायला लावला असता मला? सांगा ना!" जीवन सरांनी तिला गप्प केलं नाही. ते एवढंच म्हणाले, "भाषांतर बरोबर होतं. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवतो."

माफी तिनं लिहिली नाही. पुढच्या सत्रात जीवन सरांचे तास अर्धे झाले. कारण कोणी सांगितलं नाही. देवळेंनी दुसरीकडून दुभाषी आणला आणि त्यांची जाहिरात अकोल्याच्या भिंतींवर तशीच राहिली, स्टाफ नर्सच्या मोठ्या अक्षरांसकट. रूपालीला ती दिसली की दातओठ खाण्याशिवाय काही उरत नसे. काही मुलींनी तिला फोन करून शिव्याही दिल्या, तुह्यामुळं आमचं जर्मनी गेलं म्हणून.

नीलमचाही फोन आला. तिनं केलरबाईंना सरळ मेल पाठवला होता, एजन्सीला वगळून, आणि बाईंचा होकार आला होता.

"जाऊन राहिली मी," नीलम म्हणाली. "मावशी तं मावशी. पन माईत असून जातो, फसून नाई जात. तू मले जर्मन शिकवशीन का व? परीक्षा पास व्हा लागते."

"शिकवीन," रूपाली म्हणाली. "पन त्या देवळ्याची तक्रार पयले करू. जिल्ह्याच्या कचेरीत. तू येशीन का संग?"

"माह्या मायलेई आनतो," नीलम म्हणाली.