टाकीमागचा रस्ता

खांद्यावरच्या पदराची पिन पुन्हा निसटली, आणि या वेळी सत्यशीलाला चक्क हसू आलं. लहानपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीआधी नवा पांढरा फ्रॉक अंगात चढवताना यायचं, तसं.

"कायले हासून राह्यली?" धर्मपालनं दारातून विचारलं. तो मघापासून गाडीचं एकच मडगार्ड पुसत होता.

"काई नाही."

"कोर्टात नोको हासू म्हंजे झालं."

साक्षीला जाऊ नको असं तो एकदाही म्हणाला नव्हता. जिच्याविरुद्ध साक्ष होती त्या अमरच्या सोबत्यांच्या गाड्या दारासमोर उगाच रेस होऊन जायच्या, तेव्हाही नाही. फक्त उठून दाराची कडी पाहून यायचा. आजही त्याच्या मनात कडीच असेल... आणि माझ्या मनात? नवऱ्याला भीती वाटते आणि आपल्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात, हे बरं की वाईट, हे तिला ठरवता येईना. तिनं पिन दाबून बसवली आणि बाहेर आली.

मारेगावच्या मुख्य रस्त्याला गाडी लागली, वारा तोंडावर आला, कापसानं फुगलेली एक गाडी समोरून डुलत गेली, आणि तिला दीपा मॅडम आठवल्या — पहिल्या दिवशीच्या. सरकारी वकील म्हणजे कोर्टात काळ्या कोटात उभा राहणारा कुणीतरी, एवढंच वस्तीला ठाऊक. ही बाई मात्र समाजमंदिरात येऊन सतरंजीवर मांडी घालून बसली, आणि भाषण नाही, काही नाही, सरळ विचारलं, "तुम्हाला कुठं भीती वाटते?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. असं कधी कुणी विचारलंच नव्हतं — काय झालं, कवा झालं, हे विचारलं होतं, पण भीती कुठं वाटते... आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. पाण्याच्या टाकीमागं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी. वळणावर, जिथं खांबावरचा दिवा टिकूच देत नाहीत. "चला, दाखवा," म्हणून मॅडम उठल्या, आणि सगळी वस्ती त्यांच्यामागं — म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या, अर्धी भाकर टाकून आलेल्या — आपलाच रस्ता आपण पहिल्यांदा पाहावा तशा निघाल्या. भिंतीपाशी मॅडम थांबल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथून खरंच मोठ्या रस्त्यापर्यंत काही ऐकू जाणार नाही."

त्यानंतर दिवे लागले. पोलिसांची गस्त येऊ लागली. मुलींचे क्लास सुटायच्या वेळी बायका वळणावर सतरंजी टाकून बसू लागल्या, कुणी भाजी निवडत, कुणी नुसत्याच. पण मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "खटला उभा राहतो, आणि साक्षीदार ऐनवेळी खाली बसतात. तेवढं एक माझ्या हातात नाही, बाई. ते तुमच्या हातात आहे."

कोर्टाच्या आवारात वस्तीच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. एकीनं तिच्या हातात फुटाणे कोंबले. आणि पलीकडे, वेगळ्या बाकावर, एकटीच — वच्छलाबाई. अमरची आई. डोक्यावरून पदर घेऊन, चपला काढून, पाय बाकाखाली ओढून. सत्यशीलानं नजर वळवली. मग वाटलं, का वळवली? मी काय केलं?

दीपा मॅडम घाईघाईनं आल्या.

"काय सांगू मी नेमकं?" तिनं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. जे पाहिलं तेच. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा."

आठवत नसेल! मागच्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ... स्लॅबवर वाळत घातलेल्या मूगवड्या ती गोळा करत होती. खाली सायकल आपटल्याचा आवाज. भिंतीपाशी वैष्णवी, शेजारची, क्लासहून येणारी. तिचा हात पिरगाळून धरलेला अमर, ओढणी ओढताना हसत असलेला — हे हसणंच अंगावर आलं होतं, कारण ते ओळखीचं होतं. लहानपणी तिच्या घरी भाकरीवर ठेचा मागताना तो असाच हसायचा. ती ओरडली होती. नुसती ओरडली, शब्द नव्हता त्यात. तो पळाला, आणि वैष्णवी आपला मोडलेला हात छातीशी धरून रस्त्यात तशीच बसून राहिली.

पुकारा झाला.

ती कठड्यात उभी राहिली. जजसाहेब वर, उंच. अमर कोपऱ्यात, इस्त्रीचा शर्ट घालून, जामिनावर सुटल्यापासून जरा जाड झालेला. शपथ झाली, मॅडम विचारू लागल्या, आणि तिचा आवाज निघाला — केवढा मोठा! टंकणाऱ्याचा हात क्षणभर थबकला. ती बोलत होती आणि शब्द तिथल्या तिथं उमटत होते, टकटक, टकटक, आपण म्हणू ते कुणीतरी जसंच्या तसं ठेवून घेतंय... आयुष्यात पहिल्यांदा. घरात, रस्त्यावर, कुठं कुणी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं होतं? तिला आणखी बोलावंसं वाटलं. विचारा अजून, विचारा.

मग अमरचे वकील उठले. वयस्कर, आवाज खव्यासारखा मऊ.

"बाई, आरोपीच्या घराशी तुमचं जुनं वैर आहे. म्हणून तुम्ही खोटं सांगता."

"वैर?" ती म्हणाली. "वैर कायचं, साहेब? माह्या घरी जेवला तो. वच्छलाबाई वावरात गेल्या का माह्याच घरी राहे."

"मग त्याच्याविरुद्ध काहून बोलून राहिल्या?" वकिलांच्या तोंडूनही वऱ्हाडी निसटली.

"पाह्यलं म्हणून."

दीपा मॅडम खाली बघत होत्या. वकिलांनी अजून पुष्कळ विचारलं, उजेड किती होता, अंतर किती, चष्मा लागतो का. तिनं जे होतं ते सांगितलं, जे आठवत नव्हतं ते नाही म्हटलं. मग संपलं. इतक्यात संपलं?

बाहेर बायकांनी तिला घेरलंच. एकीनं चक्क मिठी मारली. घोळक्यामागून वैष्णवी पुढं आली — ती आज येणार नाही म्हणाली होती, पण येऊन कोर्टाच्या भिंतीआड उभी होती म्हणे — आणि म्हणाली, "काकू, पुढच्या तारखेले मी बोलतो. तुमच्यासारखंच, जोरात." सत्यशीलाला हसू आणि रडू एकदमच आलं. निकाल लागायला अजून वेळ होता, काय लागेल ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं, तरी छातीत ढोल वाजत होता, आणि धर्मपाल गाडीपाशी उभा राहून तिच्याकडे असा बघत होता की जणू हिचं नाव त्यानं आजच ऐकलं.

"भूक लागली असन," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी ती वळणावर जाऊन बसली, रोजच्यासारखी. पण रोजच्यासारखं काहीच नव्हतं. बायका पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावत होत्या — वैर कायचं साहेब, कसं म्हटलं वं? — आणि ती पुन्हा पुन्हा सांगत होती, दर खेपेला थोडी जास्त रंगवून, दर खेपेला नवा आनंद.

तेवढ्यात एकीनं रस्त्याकडे बोट केलं.

वच्छलाबाई रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती. सतरंजी पडायला लागली तेव्हापासून ती इकडे फिरकली नव्हती.

"सत्तेशीला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर तयार होतं. "तू खरंच पाह्यलं का वं? अमर मले म्हणते, काईच झालं नाही. तू सांग."

तेच, जे सकाळी एवढ्या जोरात निघालं होतं... सत्यशीलानं तोंड उघडलं. इथं कुणी टंकणार नव्हतं. समोर फक्त ती बाई होती, लेकराला माझ्या दारात सोडून वावरात जाणारी, परत आल्यावर पदराच्या ओट्यातल्या तुरीच्या शेंगा माझ्यापुढं ओतणारी.

"हो, बाई," ती हळूच म्हणाली. "पाह्यलं."

वच्छलाबाई हलली नाही. गेली नाही, रडलीही नाही. टाकीकडून मुलींचा आवाज येऊ लागला, सायकलींच्या घंट्या, हसणं. सत्यशीला सतरंजीवर थोडी सरकली — का सरकली तिचं तिलाच कळलं नाही — शेजारी एका माणसापुरती जागा झाली. ती बसेल? बसावी असं मला वाटतं, की नको वाटतं?... सकाळपासूनचा तो ढोल अजून वाजतच होता, थांबला नव्हता मुळीच. फक्त आता त्याच्या तालात दुसरं काहीतरी मिसळलं होतं, अनोळखी, जड, आणि तिला ते बाजूला सारावंसं वाटत नव्हतं. रिकाम्या जागेवर हात ठेवून ती वच्छलाबाईच्या पावलांकडे बघत राहिली.