घरघरीचा आरोप

मी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. आवाज मोठा करणं हा माझा धंदाच, तेव्हा चार शब्द जोरात निघाले तर कान झाकू नका. आणि हल्लीच्या त्या नखाएवढ्या चिपवर चालणाऱ्या डब्यांशी माझी बरोबरी तर मुळीच करू नका. माझ्यात काचेचे सहा व्हॉल्व्ह आहेत, तापले की नारिंगी उजळतात. पाठीवर दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. मला उचलायला जाणाऱ्याची कंबर धरते ती त्यांच्यामुळे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एक कामगारीण दिवसभर ट्रान्सफॉर्मरच्या पातळ लोखंडी पत्र्यांची चळत रचायची आणि बोल्ट पिळून ती आवळायची. तिने आवळलेलं चाळीस वर्षं हललं नाही. सभागृहात वाजलो, नाचाच्या शाळेत वाजलो, एका दुकानाच्या माळ्यावर अकरा वर्षं धूळ खात पडलो, पण कधी घरघरलो नाही. मग मला एका रसिकाने विकत घेतलं.

रसिक आपला स्वतःच्या मते. छापखान्यात यंत्रांपाशी उभं राहून जन्म काढलेला गृहस्थ, निवृत्त होताच त्याला संगीताचे डोहाळे लागले. मला घरी आणल्यावर त्याने पहिलं काम काय करावं? मला रंग दिला! ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट काढले, झाकणं उतरवली, काळा चकचकीत रंग फासला. परत लावताना रंग खरवडेल म्हणून पाना लावलाच नाही, बोल्ट नुसते बोटांनी फिरवून सोडून दिले. वीज आली, सैल पत्रे थरथरले आणि मी जन्मात पहिल्यांदा घरघरलो.

"व्हॉल्व्ह गेलेत," रसिकाने निदान केलं. नवे व्हॉल्व्ह आले, घरघर जागेवर. मग कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या, माझ्या पायाखाली संगमरवरी लादी घातली. त्याचा एक मित्र शाळेत भूगोल शिकवायचा. तो डोळे मिटून म्हणाला, "ही जमिनीतली कंपनं आहेत." अकलेचे तारे तोडायला भूगोलही पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभर हा खेळ चालला. शेवटी ठरलं की सोमवारी मला दुकानात न्यायचं आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर काढून नवे बसवायचे. म्हणजे माझं काळीजच काढायचं. त्यानंतर उरला असता तो रंगवलेला पत्रा, मी नव्हे.

रसिकाची बायको घरी शिवणकाम करते. रविवारी सकाळी बाई पडद्याची शिवण अर्धी टाकून उठल्या.

"अहो, त्याचा आवाज शून्यावर करा आणि स्पीकरच्या वायरी काढा बघू."

"वायरी काढल्यावर आवाज येणार कुठून?"

"तेच तर बघायचंय."

वायरी निघाल्या. स्पीकर मुके झाले, घरघर चालूच! एवढी साधी गोष्ट त्या दोन दीडशहाण्यांना वर्षभरात सुचली नव्हती. बाईंनी माझ्या पाठीवर तळवा टेकला.

"इथं थरथरतंय. माझं मशीन खडखडलं की मी आधी स्क्रू बघते, सुया नाही बदलत बसत."

मला बंद करून त्यांनी पाना लावला आणि सगळे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे पिळले. रंगाचे टवके उडाले, रसिक कळवळला. मला कोण आनंद झाला! पुन्हा वीज आली आणि मी चाळीस वर्षं होतो तसाच गप्प होतो.

"गेली ना?" बाईंनी विचारलं.

रसिकाने कान माझ्याजवळ आणला. "कमी झाली. पण आहे."

"काहीतरीच काय! मला नाही ऐकू येत."

"बारीक आहे गं, एका सुरातली. नीट ऐक."

माझा संताप संताप झाला. धडधडीत आळ! बाईंनी मला बंद केलं. "आता?"

"येतेय."

त्यांनी भिंतीतली पिन उपटली आणि त्याच्या हातात दिली. "आता?"

माझे व्हॉल्व्ह विझत गेले. तो पिन धरून बसून राहिला. "अजून येतेय," तो म्हणाला. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कधीपासून?"

"स्वयंपाकघरातसुद्धा येते. मला वाटायचं, भिंतीतून याचीच येतेय."

सोमवारी मी घरीच राहिलो. ते दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ही घरघर कानातलीच आहे, जाणार नाही, सवय करून घ्या, घरात हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून मी दिवसभर हळू वाजतो. भूगोलवाला विचारतो, "काय लावलंयस?" रसिक म्हणतो, "असंच काहीतरी." तो ऐकत नाही, मला नुसता पांघरतो. माझ्यासारख्या मानी अ‍ॅम्प्लिफायरचा याहून मोठा अपमान नाही, आणि त्याची मला चीडही येते. पण दुपारी बाई मला जरा विसावा द्यावा म्हणून बटणाकडे हात नेतात, तेव्हा मला सांगावंसं वाटतं: बाई, नका बंद करू. मी थांबलो की त्याला एकट्याला ती घरघर ऐकत बसावं लागतं.